बिनपंख्याचा

कुडाळला, पेडणेकरांच्या दुकानात,
मी आधी पंख्याचंच विचारलं.
ते म्हणाले, प्रोसेसर विचारा, रॅम विचारा,
पंखा काय, सगळ्यांनाच असतो.
म्हटलं, आमचं घर निवतीला, बंदरावर.
पंखा वारा ओढतो, वारा मीठ ओढतो.
आधीच्या डब्यात दोन वर्षांत
तांब्याला कळंक चढला,
न घासलेल्या समईसारखा.

बिनपंख्याचा द्या.
हळू चालला तरी चालेल.

मग साठवण.
त्यांनी कॅल्क्युलेटर पुढे ओढला.
एचडीचा तास म्हणजे चारेक जीबी. रोज किती तास?
अर्धा.
मालिका?
नाही.
क्रिकेट?
नाही. हवामान.

ते चष्म्यावरून बघत राहिले.

नवरा तांडेल. आठ-आठ दिवस बाहेर.
परतला की आंघोळीआधी टीव्हीपुढे बसतो
आणि होऊन गेलेल्या दिवसांचे अंदाज बघतो,
एकेक, ओळीने, अंगाला डिझेलचा वास तसाच.
"तेंनी काय सांगलेला नि माका काय गावला,
ता जुळवून बघतंय."
ढगाची कड पुसट दिसली तर चिडतो.
म्हणून एचडी.

आठ दिवस, दोन-दोन जीबी. सोळा.
"ह्याला तर पेनड्राइव्ह पुरे, वहिनी!"

पुरला असता.
मी चार टीबीची घेतली,
सीसीटीव्हीला लावतात तसली, रात्रंदिवस फिरणारी,
आणि तेवढीच दुसरी,
पहिली गेली तर असावी म्हणून.
सिलिका जेलच्या पुड्या त्यांनी फुकट घातल्या.

पैसे मोजताना सांगितलं नाही
की मी काहीच पुसत नाही.

मागच्या ऑक्टोबरात वायरलेस दोन दिवस गप्प होता.
तेव्हा जुन्या डब्यावर
तो पांढरा भोवरा मी थांबवून धरला होता,
मालवणच्या पश्चिमेला, बोटभर अंतरावर.
रिमोट मांडीवर. बोट बटणावरून उचललं नाही,
उचललं तर सरकेल असं वाटत होतं.
बाहेर तो सरकतच होता, कौलं सांगत होती.

तिसऱ्या दिवशी पहाटे दारात आला,
पायात एकच चप्पल.
चहा पिऊन विचारलं,
"त्या दिवसांचा नाय गावला?"
म्हटलं, लाईट नव्हती.

नव्या डिस्कवर सगळ्यात आधी तेच उतरवलं.
दुसऱ्या डिस्कवरही.
फोल्डरला नाव दिलं, बर्फाची बिलं.
हिशेबाला तो हात लावत नाही.