दोन तासांचं घड्याळ

ड्रेस्डेन. पहाटेचे साडेचार.
वीब्के काचेच्या बशीत पेशी सोडते,
उंदराच्या गर्भाच्या शेपटाकडच्या, चिमूटभर.

काच कडक. अंग ताणून
चिकटल्या की गप्प होतात.
हिरवा उजेड नाही.

मग ती मऊ जेल ओतते, जागा आवळते.
खेटून, गोल होऊन बसल्या
की एकीचा दाब दुसरीला,
आणि जनुक पेटतं, विझतं,
दोन तासांनी पुन्हा पेटतं.
गर्भात असत्या
तर दर ठोक्याला एक मणका.

"दाटीतच कसं सुचतं गं तुम्हाला?"

एल्बेच्या पुलावरून पहिली ट्राम.
आखडलेली पाठ ती चाचपते,
मानेपासून खाली, गाठ गाठ.
माणसाचं घड्याळ सावकाश,
पाच तासांना एक.
आईनं तेव्हा कूस बदलली असेल का?

बाराव्यावर मोजणी चुकते.
पुन्हा मानेपासून.