बिनव्याजी

विश्रामबागेतल्या काचेच्या दुकानात
सुदर्शन मगदूम नावाचा पोरगा
पांढरे हातमोजे घालून घड्याळ ट्रेवर ठेवतो,
मी ब्लड बँकेत पिशवी ठेवायचे तसं,
न हिंदकळता.

पट्टा स्टीलचा.
चामड्याचा असता तर आईनं उंबऱ्याच्या आत येऊ दिला नसता,
आई नाही, तरी.

एक लाख शहाऐंशी हजार.
"रोख दिलंत तर चार टक्के कमी, मॅडम.
हप्त्यानं घेतलंत तर चोवीस महिने, व्याज शून्य."
शून्य म्हणताना तो अंगठा आणि बोट जुळवतो.
मी त्या भोकातून बघत राहते
मार्केट यार्डातली दुपार.

अण्णा तिथे एकतीस वर्षं दिवाणजी.
हळद दुसऱ्याची, खोकला स्वतःचा.
सौदा रुमालाखाली व्हायचा, बोटांनी,
भाव कुणी तोंडानं बोलायचं नाही.
घरी आईचा ताटपुसणा हातांवर टाकून
मला शिकवायचे :
हे बोट धरलं की एक, पंजा दाबला की पाच.
मी विचारलं, आणि शून्य?
म्हणाले, शून्याचा सौदा नसतोय पोरी.
कोण शून्य म्हणालाच
तर त्याचा दुसरा हात कुठं हाय ते बघायचं.

सुदर्शनचा दुसरा हात टॅबलेटवर आहे.
बोटाखाली बारीक ओळ :
प्रोसेसिंग फी नऊशे नव्याण्णव, कर वेगळा.
आणि ते चार टक्के,
सात हजार चारशे चाळीस,
नाव बदलून बसलेलं व्याजच की ते.
दुसऱ्या पारड्यात माझी मुदत ठेव,
पैसे तिथेच राहिले तर दोन वर्षांत थोडी वाढेल,
त्यातलं थोडं आयकर नेईल.
पावतीच्या पाठीवर मांडून बघितलं.
फरक उरतो तीनेक हजारांचा,
हप्त्यांच्या बाजूनं.
तीन हजारांसाठी कोण एवढा विचार करतं?
मी करते. अण्णांची मुलगी आहे.

पिशवीत नोटा आहेत, सकाळी बँकेतून काढलेल्या,
तीनदा मोजलेल्या, कोऱ्या.
अण्णांच्या नोटा कडेला पिवळ्या असायच्या.
घड्याळ त्यांनी कधी घेतलं नाही.
वेळ सांगायला माणसं हायत की, म्हणायचे.
गेले तेव्हा वहीत कुणाचं देणं नव्हतं,
येणंही नव्हतं.
दारात चपला मी मोजल्या,
अकरा जोड.

"रोखच करू या," मी म्हणते,
आणि पिशवीची चेन अर्धी उघडते.
मग उगाचच विचारते,
हप्त्याला काय काय लागतं?
आधार, पॅन, एक सही, तो म्हणतो,
आणि एक ओळखीचं माणूस,
घरचं नको. नाव आणि नंबर.

रोखीला कुणी ओळखावं लागत नाही.

मे महिन्यात निवृत्त झाले.
तेव्हापासून फोनमधली नावं
खाली सरकवत जाते रोज, वर आणते, ठेवून देते.
"माझाच नंबर टाकू का, मॅडम?" पोरगा हळूच म्हणतो,
आणि मला त्याच्या हातमोज्यांची लाज वाटते,
की माझी, कळत नाही.

रेश्मा मुजावर, मिरज.
बावीस वर्षं शेजारचं टेबल,
रात्रपाळीतला अर्धा अर्धा चहा.
दिवाळीच्या ड्युटीवरून बिनसलं,
त्याला आता दोन दिवाळ्या झाल्या.
मी नंबर लावते.
तीन रिंग. चार.

"दीदी?"
मी भराभर सांगते, घड्याळ, हप्ते, ओळखीचं माणूस.
ती एवढ्यांदा हसते की सुदर्शनही ऐकतो.
"तू? हप्त्यानं? घाल माझं नाव.
आणि बुडवलेस तर मी मिरजेहून येईन बघ वसुलीला."
मग थोडं थांबून,
"किती वाजलेत त्यात?"

ट्रेवरचे काटे सगळ्या दुकानांत असतात तिथेच.
दहा वाजून दहा, मी सांगते.
बाहेर दिवे लागलेत.

"मग हलव की जरा," ती म्हणते,
"बंद आहे ते."