सोयीची तारीख

राजदूतांना वेळ देणारी मी.
परराष्ट्र खात्यात तीन खोल्या, एक पंखा,
आणि माझ्या टेबलाच्या काचेखाली
भरती-ओहोटीचं छापील वेळापत्रक,
मासेमारांना फुकट मिळतं ते.

मोठ्या देशाचं पत्र आलं:
अधिकारपत्रं सादर करण्यास
सोयीची तारीख कळवावी.

पंचवीस वर्षांपूर्वी वकिलातीला कुलूप घालून गेले होते,
किल्ली शेजारच्या बेकरीत ठेवून.
आता दुसरा मोठा देश आमचा धक्का बांधतोय म्हटल्यावर
बेकरीवाल्या कौतूला फोन:
किल्ली आहे ना अजून?
होती. पिठाच्या डब्यात.

सोयीची तारीख.
मी काचेवरून बोट फिरवलं.
फेब्रुवारीतलं उधाण, संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटं,
वर्षातला सगळ्यात मोठा आकडा.

मंत्री ताबेआ म्हणाले, सकाळी ठेव, ऊन कमी असतं.
मी म्हटलं, संध्याकाळी फोटो चांगले येतात.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं,
मग काचेखाली,
आणि काही न बोलता सही केली.

आमच्याकडे समुद्र दारातून येत नाही.
जमिनीतूनच वर येतो,
घाम फुटावा तसा.
मानेआबात चटया अंथरल्या होत्या,
पोलिसांचा बँड त्यांचं राष्ट्रगीत
तिसऱ्यांदा चुकत होता,
आणि चटया हळूच हलू लागल्या.

राजदूत व्हिटकोम बाई वाचत होत्या:
आपली मैत्री या महासागराइतकीच
आणि पाणी बुटांच्या नाड्यांशी आलं.
'खोल' हा शब्द
त्यांनी गिळला, मला दिसलं.

त्या वाकल्या. बूट काढले.
डाव्या हातात बूट, उजव्या हातात अधिकारपत्र,
असं त्यांनी ते आमच्या राष्ट्राध्यक्षांना दिलं.
म्हातारे इओआने मागून मोठ्याने हसले, आणि टाळ्या पडल्या.
मला बाई आवडल्या.
हे ठरवलेलं नव्हतं.

निघताना त्यांनी माझ्या छातीवरचं नाव वाचलं.
तेरेतिया, दर संध्याकाळी असंच असतं?
नाही, मी म्हटलं,
तुम्ही तारीख विचारली होती.
त्या बराच वेळ ओल्या पायांकडे बघत राहिल्या.

आम्ही भिंत मागितली होती.
भिंतीसाठी त्यांच्याकडे समिती बसली आहे.
जूनमध्ये बोटीतून खोकी उतरली,
प्रत्येकावर त्यांचा झेंडा:
गमबूट, चारशे जोड,
राजदूतांच्या खास शिफारशीवरून.
सगळे अकरा नंबरचे.
चर्चला जातानाही चपला हातात धरणारी माणसं आम्ही.

मंत्री दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

माझी मावशी रोटिया मात्र
ढकलगाडी घेऊन गोदामात आली.
तिच्या खड्ड्यातलं बबाई गेल्या साली
खाऱ्या पाण्याने मुळापासून कुजलं होतं.
आजोबांच्याही आजोबांनी खणलेला खड्डा,
त्यात आता बेडूकसुद्धा राहत नाही.
तिने एका बुटात सुकी पानं, काळी माती भरली,
एक कंद खोचला,
आणि बूट ओट्यावर उभा केला.
रबरातून मीठ जात नाही, एवढंच म्हणाली.
तळाला खिळ्याने एक भोक पाडलं होतं,
त्यात लाकडाची खुंटी.
भरती आली की ठोकायची,
ओसरली की काढायची.

आठवडाभरात गोदाम रिकामं.

आता त्यांच्याकडून फॉर्म आलाय.
मदतीचा विनियोग कसा झाला?
मी लिहिते:
आठशे बूट. सर्व उभे. प्रत्येकी तीन पानं,
काहींना चार.
लाभार्थींच्या पायांना फायदा झाला का?
ही जागा कोरी सोडते.

खालच्या रकान्यात विचारलंय,
आणखी किती लागतील.

पेन थांबलंय.
धक्का बांधणाऱ्यांचंही पत्र आलंय आज,
त्यांचेही नवे राजदूत यायचेत, सोयीची तारीख हवी.
पंखा काचेवरचे कागद हलवतो,
कागदांखाली काच,
काचेखाली सप्टेंबर.