पिनकोडचे भाजक

पाच लाख एक्क्याण्णव हजार दोनशे सदतीस.
पोस्टमन गुरुसिद्ध मगदूम हा आकडा
रोज पिशवीत घालून निपाणीभर फिरतो,
पण एकदाही त्याला
तो फोडून बघावासा वाटला नाही.

मला वाटला.
विषम, म्हणजे दोन गेले.
शेवटी सात, म्हणून पाचाचाही संबंध संपला.
अंकांची बेरीज सत्तावीस:
नवानं निमूट भाग गेला.
सत्ताविसानंही गेला असता
तर हर्षद म्हटलं असतं त्याला.
अठरा उरले. राहिलं.

नवानं भागून आलेले पासष्ट हजार सहाशे त्र्याण्णव
मात्र हट्टी.
सात नाही, अकरा नाही, तेरा नाही,
एकेक मूळ संख्या दारात नेऊन उभी केली,
एकशे त्र्याहत्तरापर्यंत सगळ्या परत आल्या.
मग एकशे एकोणऐंशी
गुणिले तीनशे सदुसष्ट.
दोन्ही मूळ. ह्यापुढं फुटत नाहीत.

समोर आई. मांडीवर सूप,
भिजवलेली पानं, कात्री, जर्दा.
"काय मोजालीस एवढं?"
पिनकोड, आपला.
"तेवढ्या बिड्या म्हटल्या तर किती दिस गं?"
दिवसाला हजार धरून
पाचशे एक्क्याण्णव दिवस,
वर दोनशे सदतीस.
"बोटं सुजल्याला दिस धरलास?"
नाही.
"छाट धरलीस?"
नाही.
"मग हे कारखान्याचंच गणित की."

भिंतीला टेकून निंगव्वा कट्टे बांधत होती,
इप्पत्नाक, इप्पत्तैद, आणि दोऱ्याला गाठ.
तिच्या हिशेबानं
तेवीस हजार सहाशे एकोणपन्नास कट्टे
आणि बारा सुट्या.
मी मराठीतून भागलं.
बाराच.

वहीत मी त्याचे वर्ग लिहीत गेले:
संयुक्त.
वर्गमुक्त नव्हे, कारण तीन दोनदा आला.
न्यून, कारण त्याला स्वतःला वगळून
बाकीचे सगळे भाजक एकत्र केले
तरी बेरीज त्याच्या अर्ध्यालाही पोचत नाही.
"न्यून म्हंजे?"
कमी भरणारा.
तिनं पानाचं देठ छाटलं,
काही बोलली नाही.

भाजक एकूण बारा.
निंगव्वाच्या सुट्या बिड्यांएवढेच.
ह्याला सिद्धता नाही,
म्हणून वहीत नाही लिहिलं,
पानाच्या एका तुकड्यावर लिहिलं
आणि तो तुकडा बिडीत गेला.

"बारा सुट्या कशाला ठेवायच्या," आई म्हणाली,
"तेरा वळते. कट्टा पुरा होतोय."

आई, तेरा मिळवले तर आकडाच बदलतो.
पत्र भलत्याच गावाला जाईल.

तिनं पान गुंडाळलं,
टोक आत दुमडलं.
"जाऊ दे की.
तिकडंबी कोण तरी वळतच असंल."