अडलेल्यासाठी

गळ्यात कार्ड : हर्षदा कोंढळकर, इंटर्न.
आडनावातला एक काना खाल्लेला.
सांगितलं तर रिसेप्शनवरचा म्हणाला,
तिकीट टाका, पाच दिवस लागतात.
म्हणजे या कंपनीत मला सापडलेली पहिली चूक
मीच होते.

बाणेर, सहावा मजला. खिडकीत टेकडी,
गवत वाळून पिवळी,
आणि आत एसीमुळे मार्चमध्ये सगळे स्वेटरात.
भोसरीहून दोन बस बदलून आले होते,
नाशिक फाट्यावर डबा पोटाशी धरून उभी,
तिथेच ठरवलं होतं
की पहिलं वाक्य सुंदर लिहायचं.

झरीन मॅडमनी ते वाचलं. चष्मा कपाळावर नेला.
"छान आहे," म्हणाल्या, आणि थांबल्या,
डॉक्टर एक्स-रेसमोर थांबतात तशा.
मग पुसायला लागल्या.
'कृपया' गेलं. 'फक्त' गेलं. 'सहजपणे' गेलं.
"ज्याला जमत नाहीये त्याला सहज म्हणू नये गं.
लागतं त्याला."
उरलं : सेव्ह दाबा.

"मॅन्युअल सुखात कुणी उघडत नाही.
रात्री अकराला, गोदामात, दारात ट्रक,
ड्रायव्हर हॉर्न मारतोय
आणि स्क्रीन काही केल्या पुढे सरकत नाही,
तेव्हा उघडतात. त्या माणसासाठी लिही."

लिहायचं इंग्रजीत होतं. डोकं मराठीतच फिरत राहिलं :
दाब, दाबा, दाबावे, दाबायचं.
इंग्रजीला एक रूप पुरतं,
समोर कोण आहे ते विचारावं लागत नाही.
मला तो गोदामातला माणूस दिसेपर्यंत
क्रियापदच सुचेना.

पप्पा लेथवर नव्या पोरांना 'करायचं' म्हणून शिकवतात.
हुकूम नाही, विनंती नाही,
जगाची रीतच असावी तसं :
चक फिरत असताना हात लांब ठेवायचा.
त्यांच्या डाव्या हाताचं अर्धं बोट
हे सांगणारं कुणी नव्हतं
तेव्हाचं.

गुरुवारी, पायरी तिसरी. माल परत घेणे.
मला कळेना. विचारलं,
रद्द दोनदा दाबलं तर काय होतं?
टेस्टिंगमधला इलमकर हसला. "दोनदा कोण दाबतं?"
मी दाबते, म्हटलं. घाबरले की दाबतेच.
त्यानं दाबलं.
चारशे बारा पोती स्क्रीनवरून गेली.
कुठे गेली, कुणाला सांगता येईना.
तीन खुर्च्या चाकांवरून सरकत आल्या,
कुणीतरी हळू आवाजात शिवी दिली, कोडला,
आणि मी वही मांडीवर घेऊन गप्प.
न कळणं हीसुद्धा पात्रता असते,
हे अर्जात लिहायचं राहिलंच होतं.

घरी आईनं विचारलं, काय काम असतं गं नेमकं?
कुठे दाबायचं ते लोकांना सांगते.
"एवढ्याचा पगार देतात?"
स्टायपेंड देतात.
"ते कमी असतं का?"
हो.

जेवणं झाल्यावर मिक्सरचं पत्रक शोधलं.
लग्नाच्या अल्बमखाली, प्लास्टिकमध्ये,
नऊ वर्षं घडी न मोडलेलं.
पान चार : ओल्या हाताने प्लग काढू नये.
खाली कुणाचं नाव नाही.
कुण्या गावचं कोण, कुठल्याशा सहाव्या मजल्यावर,
माझ्या आईला न बघता
तिचे हात ओळखून बसलं होतं,
तांदूळ धुतलेले, भांड्यातून नुकते काढलेले,
कधीच पुरते कोरडे नसलेले.
'नये' तेवढं जरा लांब उभं होतं.
मी पेन्सिलीनं कडेला लिहिलं :
हात आधी पुसायचा.

आईनं पत्रक माझ्या हातातून घेतलं,
न वाचता परत प्लास्टिकमध्ये सरकवलं.
"राहू दे जागेवर," म्हणाली.
"अडलं तर लागेल."