कॉइल

लाल दिवा लागतो. पाणी मात्र गार.
पौषातली पहाट, पाचची अकोला बस,
हे न्हाणीत टॉवेल गुंडाळून उभे,
"झालं का?" चौथ्यांदा.

बटण बंद केलं, चालू केलं. फ्यूज पाहिला.
वत्सला भिंतीपलीकडून, व्होल्टेज नसन बाप्पा!
होतं. मिक्सर फिरला.
शेवटी चुलीवर गंज ठेवला.

दुसऱ्या दिवशी मुनाफ आला.
थर्मोस्टॅट बरा निघाला.
मग खालचे नट सोडून त्यानं कॉइल ओढली:
कॉइल कुठली, मनगटाएवढा पांढरा दगड.
"खारपाणपट्टा हाय काकू. बोअरचं पाणी.
तापते ते बरोबर, पण दगडच तापवते."
पेचकसानं ठोकलं.
परातीत खपल्या पडल्या, टिनावर गारा पडाव्या तशा.

हे ओट्यावर बसून बघत होते,
डाव्या हाताची फुगलेली नस
उजव्यानं झाकून.
दर मंगळवारी, शुक्रवारी चार तास मशीनवर,
पण डॉक्टरनं असं उघडून
कधी दाखवलं नाही.

"किती दिवस चालन आता?" यांनी विचारलं.
"कॉइल ना? दोनेक वर्षं. मग नवी टाकू,
साडेतीनशेत येते."

हे हसले. खरंच हसले.
मी परात उचलली,
आणि खपल्या कुठं टाकाव्या ते कळेना.