माशी

निझव्याच्या किल्ल्यामागे पाट्या रंगवतो मी.
अरबी वाचता येत नाही,
नुक्ते मात्र बिनचूक देतो.
एक घसरला की भलताच शब्द.

शुक्रवारी, बकऱ्यांचा बाजार उठल्यावर,
हमूद रियामी आले. खांद्याला आजोबांची रायफल.
नळीच्या टोकावर नख टेकवून म्हणाले,
ही दिसत नाही आता. काळ्यात काळं.

आमच्याकडे हिला माशी म्हणतात.

रिकामी आहे ना, दोनदा पाहिलं.
स्पिरिटने तेल पुसलं.
आधी पांढरा हात,
तो सुकेपर्यंत कहवा, खजूर,
त्यांच्या मोतीबिंदूची हकिगत.
मग दातकोरणीच्या टोकावर नारिंगी,
तिळाएवढा.
दारभर अक्षरांना न कापणारा हात
इथे श्वास धरून.
मागची खाच काळीच ठेवली.

त्यांनी नळी डोंगराकडे धरली,
एक डोळा मिटला.
दिसली?
दिसली. आता डोंगर दिसेना.
खूप वेळ हसलो दोघं.

ते गेल्यावर चष्मा पुसला,
अर्धी पाटी पुढे ओढली.
एका अक्षराचा नुक्ता राहिला होता.
ब्रश धुवायचा कंटाळा,
नारिंगीच दिला.